पिंपातली बीअर आंबते कधी आणि आंबवली जाते कधी?

(या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवलाय. ऐकताना निसटणारे आकडे आणि नावं इथे निवांत वाचता येतील.)

आजचा विषय आहे लाकडी पिंपात मुरवलेली बीअर, म्हणजे जिला सगळे बॅरल-एज्ड म्हणतात ती, आणि तिच्यात न बोलावता शिरणारे जिवाणू. तुमच्याकडून एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा आलाय. महागाची बॅरल-एज्ड स्टाउट घेतली, आंबट लागली. ती तशीच असते की खराब झाली होती?

उत्तर आधीच सांगून टाकतो, मग कारणांकडे जाऊ. आंबटपणा हा दोष नाही. बनवणाऱ्याने न ठरवता आलेला आंबटपणा हा दोष आहे. आणि लाकडाचं पिंप हे असं भांडं आहे, ज्यात काहीही ठरवून घडवणं स्टीलच्या टाकीपेक्षा कितीतरी अवघड जातं.

मी ब्रूअर नाही, हे नेहमीचं पालुपद. कोड लिहून पोट भरतो, तळेगावात राहतो. आणि घरी करून बघू म्हणणाऱ्यांसाठी: महाराष्ट्रात परवान्याशिवाय बीअर बनवता येत नाही, त्यामुळे हा भाग समजून घेण्यासाठी आहे, करून बघण्यासाठी नाही.

आधी पिंप समजून घेऊ

स्टीलची टाकी गुळगुळीत असते. कॉस्टिकने धुतली, सॅनिटायझर फिरवला की जिवाणूंना लपायला जागा उरत नाही. लाकूड सच्छिद्र असतं. ओकच्या पिंपाची फळी साधारण अडीच सेंटिमीटर जाड असते आणि आतला द्रव त्यात ८ मिलिमीटरपर्यंत मुरतो. द्रव जिथे पोचतो, तिथे त्याच्यासोबत यीस्ट आणि जिवाणूही पोचतात. तुम्ही पिंपात ८५ अंशांचं पाणी ओतलंत तरी लाकूड उष्णतेचं वाईट वाहक आहे. वरचा थर भाजतो, पण आत ती उष्णता पोचायला बराच वेळ लागतो. म्हणून जुन्या पिंपाबद्दल "निर्जंतुक केलं" असं कुणी म्हणालं की मी मनातल्या मनात "संख्या कमी केली" असं वाचतो.

दुसरी गोष्ट हवा. फळ्यांमधून, त्यांच्या सांध्यांतून आणि बुचाच्या कडेने थोडा थोडा ऑक्सिजन आत जात राहतो. थोडा ऑक्सिजन चवीला गोलाई देतो. त्यासाठीच तर पिंप वापरतात. पण तोच ऑक्सिजन व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंचा श्वास असतो. म्हणजे जे फीचर आहे तोच बग आहे, आणि दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

तिसरी गोष्ट वेळ. पुण्यात क्राफ्ट बीअरचं पर्व सुरू झालं ते २००९ मध्ये डूलालीपासून. (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून इंग्रजीत गेलेल्या शब्दाचं, हे जाता जाता.) मायक्रोब्रूअरीतली बीअर स्टीलमध्ये बनते आणि काही आठवड्यांत ग्लासात येते. तिच्यात चार-दोन उपद्रवी पेशी शिरल्या तरी त्यांना वाढायला सवड मिळत नाही. पिंपातली बीअर सहा महिने, वर्ष, दोन वर्षं पडून असते. सावकाश वाढणाऱ्या जिवाणूला याहून काय हवं?

आत शिरणारे चौघे

पहिला लॅक्टोबॅसिलस. हा आपल्या ओळखीचा, दह्याच्या विरजणातल्या जिवाणूंचा भाऊबंद. साखर खातो, लॅक्टिक आम्ल करतो. चव दह्यासारखी, स्वच्छ आंबट. साध्या बीअरचा पीएच ४ ते ४.५ च्या दरम्यान असतो. हा कामाला लागला की तो साडेतीनच्याही खाली जाऊ शकतो.

दुसरा पेडिओकॉकस. हाही लॅक्टिक आम्लच करतो, पण सोबत डायअॅसिटिल सोडतो, ज्याला स्वस्त लोण्यासारखा वास येतो. कधी कधी याच्यामुळे बीअर चिकट होते, ओतताना तार सुटते. उन्हाळ्यात विटलेल्या वरणाला सुटते ना, अगदी तशी.

तिसरा अॅसिटोबॅक्टर. हा अल्कोहोल आणि ऑक्सिजन वापरून व्हिनेगर करतो. हवा तोडली की हा थांबतो. म्हणून पिंप काठोकाठ भरलेलं ठेवायचं.

चौथा जिवाणू नाही, यीस्ट आहे. ब्रेटॅनोमायसिस, लाडाने ब्रेट. लाकडातल्या साखरेवरही जगू शकतो, म्हणून पिंपातून तो हटत नाही. वास तबेल्याचा, चामड्याचा, कधी अननसाचाही. नेहमीचं यीस्ट ज्या साखरा सोडून देतं, त्या हा सावकाश खात बसतो. त्याचा धोका पुढे सांगतो.

यांना अडवायला बीअरकडे स्वतःची तटबंदी असते: अल्कोहोल, आम्लता, ऑक्सिजनचा अभाव आणि हॉप्सचा कडूपणा. हॉप्समधली कडू आम्लं लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंच्या पेशीपटलावर मार करतात. पण काही जिवाणूंकडे हे कडू रेणू पेशीबाहेर उपसून टाकणारे पंप असतात. त्यातल्या एका पंपाच्या जनुकाला होर-ए म्हणतात. ही जनुकं बऱ्याचदा प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर असतात आणि एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. ब्रूअरीत मुरलेला जिवाणू बाहेरून आलेल्यापेक्षा जास्त त्रास देतो, तो यामुळे.

बोरघाट चढून आलेली बीअर

हे सगळं आपल्याकडे काल-परवा आलेलं फॅड वाटत असेल, तर थोडं मागे जाऊ. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो ब्रूअरीचा हॉजसन ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून पेल एल आणि पोर्टर हिंदुस्थानात पाठवत होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून मुंबईला पोचायला चार ते सहा महिने लागत. एवढे दिवस लाकडी पिंपात, विषुववृत्ताच्या उन्हातून दोनदा जात, हेलकावे खात. टिकावी म्हणून पेल एलमध्ये हॉप्स भरपूर घालत. इंडिया पेल एल या नावामागची परंपरा ती हीच.

मुंबईहून पुण्याच्या छावण्यांकडे माल यायचा तो बोरघाटातून. गव्हर्नर माल्कमने घाटातला गाडीरस्ता १८३० मध्ये खुला केला, रेल्वे १८६३ मध्ये घाट चढली. त्याआधी जे काही वर यायचं ते बैलांच्या पाठीवर किंवा हमालांच्या खांद्यावर. खडकीच्या गोऱ्या शिपायांची बीअरही खंडाळा-लोणावळ्यावरूनच गेली असणार. म्हणजे मावळाने बॅरल-एज्ड बीअर पाहिली ती दोनशे वर्षांपूर्वीच, फक्त तेव्हा तिला कुणी असं नाव देऊन जास्त पैसे घेत नव्हतं.

तेव्हा बीअर का आंबते हे कुणालाच माहीत नव्हतं. पाश्चरने १८७६ मध्ये बीअरवरचं पुस्तक काढलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं की बिघडलेल्या बीअरमध्ये यीस्टशिवाय दुसरेही जीव असतात. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सनने एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट वापरात आणलं. आणि तिथल्याच क्लाउसनने १९०४ मध्ये जाहीर केलं की जुन्या इंग्लिश मुरवलेल्या बीअरची खास चव एका वेगळ्या यीस्टमुळे येते. त्याला त्याने ब्रेटॅनोमायसिस म्हटलं, म्हणजे ब्रिटिश बुरशी. गंमत बघा, पुढे ज्याला दोष म्हणून हाकलायला लागले, तोच आधीच्या शंभर वर्षांचा स्वाद होता.

शिकागोचा धडा

आता अलीकडची घटना. शिकागोची गूज आयलंड ब्रूअरी बोर्बन काउंटी नावाची स्टाउट काढते. बोर्बन व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपांत मुरवलेली, काळीकुट्ट, अल्कोहोल १३-१४ टक्के. २०१५ च्या शेवटी आलेल्या मालात लोकांना आंबट चव लागायला लागली. जानेवारी २०१६ मध्ये कंपनीने या मालिकेतल्या दोन बीअरबद्दल पैसे परत देण्याची घोषणा केली, पुढे ती यादी वाढली. सापडलेला जिवाणू होता लॅक्टोबॅसिलस अॅसिटोटॉलरन्स. त्यानंतरच्या हंगामापासून त्यांनी ही बीअर पाश्चराइझ करायला सुरुवात केली.

या जिवाणूची जन्मकुंडली वाचण्यासारखी आहे. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्याची पहिल्यांदा नोंद केली, ती तांदळाच्या व्हिनेगरमधून. म्हणजे जिथे इतर जिवाणू मरतात, त्या आम्लात राहायची याला सवय. वाढतो सावकाश, त्यामुळे नेहमीच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीत चटकन सापडत नाही. बाटल्या भरताना सगळं ठीक दिसतं आणि दुकानात गेल्यावर आंबट होतं.

यातून दोन समज मोडतात. "एवढं अल्कोहोल आहे, काय होणार?" हा पहिला. "पिंपात व्हिस्की होती, ते आपोआप निर्जंतुक" हा दुसरा. व्हिस्की काढून ओलं असतानाच भरलेलं पिंप खरंच जास्त सुरक्षित असतं. पण ते प्रवासात वाळलं, फळ्या आकसल्या, फटीतून हवा गेली की ते संरक्षण संपतं.

मावळची हवा थंड, पण किती थंड?

माझ्या एका मित्राचा बेत आहे. कामशेतच्या बाजूला काकांची जागा आहे, नोकरीतून साठवलेले पैसे आहेत. परवाना घेऊन वीसेक पिंपांची खोली काढायची म्हणतोय. त्याचं गणित असं: "अरे, लोणावळ्याची हवा आहे, एसीचं बिल वाचेल." वीस पिंपं, प्रत्येकी २०० लिटर धरा, म्हणजे ४,००० लिटर बीअर आणि वर्षभर अडकलेले पैसे. त्याच्यासाठी मी हे सगळं वाचायला घेतलं आणि त्याच्या या एका वाक्यावर अडकलो.

ब्रुसेल्सच्या आसपास लॅम्बिक नावाची बीअर करतात. ती उघड्या हवेत थंड करतात, हवेतल्या जिवाणूंना मुद्दाम येऊ देतात आणि मग एक ते तीन वर्षं लाकडात ठेवतात. हे लोक आंबटपणाचे उस्ताद. पण तेही पारंपरिक पद्धतीने साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढंच ब्रू करतात, कारण उन्हाळ्यात नको ते जिवाणू फार होतात. आता तुलना करा. मावळातला डिसेंबरचा सरासरी दिवस जवळपास ब्रुसेल्सच्या जुलैइतका उबदार असतो. म्हणजे आपला हिवाळा हा त्यांचा सुट्टीचा हंगाम. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी पारा पस्तिशीच्या वर जातो, तेव्हा लॅक्टोबॅसिलसची चंगळ. त्याला तीस अंशांच्या पुढचंच तापमान आवडतं. पिंपाची खोली हवी १२ ते १५ अंशांची. ती मावळात निसर्ग देत नाही, यंत्र देतं. आणि ऐन पावसात वीज गेली की जनरेटर देतो.

मग पाऊस. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. तळेगावकडे येईपर्यंत तो झपाट्याने कमी होतो. कपाटातल्या चपलांवर बुरशी, पापड नरम, मीठ पाणावलेलं, हे इथल्या कुणाला सांगायला नको. पिंपाच्या बाहेरच्या बाजूला, बुचाभोवती तीच बुरशी बसते. शिवाय व्हिस्कीवाल्यांना माहीत असलेली एक गोष्ट: दमट हवेत लाकडातून पाणी कमी उडतं आणि अल्कोहोल त्या मानाने जास्त. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण २ टक्के उडतं, तर बेंगळुरूच्या अमृतमध्ये १० ते १२ टक्के सांगतात. उडालं म्हणजे पिंपात वर रिकामी जागा झाली, रिकामी जागा म्हणजे हवा, आणि हवा म्हणजे अॅसिटोबॅक्टर.

आणि जांभळं, करवंदं. मावळात बीअर करायची तर कुणालाही हा मोह होणारच. पण फळाच्या सालीवर रानटी यीस्ट आणि जिवाणू असतात आणि आत साखर. न तापवलेलं फळ पिंपात टाकणं म्हणजे विरजण लावणं. आंबट बीअर करायची असेल तर बहारदार. गोड स्टाउट करायची असेल तर घात.

मग करायचं काय?

पहिलं: आधी ठरवा, आंबट करायचीय की नाही. दोन्ही एकाच छपराखाली करायच्या असतील, तर नळ्या, पंप, गॅस्केट, सगळं वेगळं. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालू नये हे आजीने शिकवलेलं आहे, तेच इथे. ब्रेट लागलेली रबरी नळी स्वच्छ बीअरला लावली की पुढची प्रत्येक बॅच शंकेची. म्हणूनच परदेशात काहींनी आंबट बीअरसाठी वेगळी इमारतच घेतली.

दुसरं: बूच उघडू नका. चव बघायला पिंपाच्या तोंडाच्या फळीला बारीक भोक पाडून त्यात स्टेनलेसचा खिळा बसवतात. खिळा काढला की बारीक धार येते, नमुना मिळतो, खिळा परत बसवतात. वरून हवा आत जात नाही.

तिसरं: लॉग ठेवा. प्रत्येक पिंपाला नंबर आणि दर दोन-तीन आठवड्यांनी पीएच, घनता, वास, चव. एकच आकडा फार सांगत नाही, उतरती रेघ सांगते. पीएच ४.३ वरून ४.१ झाला की तेव्हाच कळायला हवं, ३.६ वर नाही.

चौथं: मिसळायच्या आधी प्रत्येक पिंप वेगळं तपासा. नमुना बाटलीत भरून तीन आठवडे २८-३० अंशांवर ठेवा. जे गोदामात सहा महिन्यांनी होणार, ते इथे लवकर दिसतं. जमलं तर प्रयोगशाळेतून पीसीआर करून घ्या, त्यात हॉप्सला दाद न देणाऱ्या जनुकांचाही शोध घेता येतो. एकोणीस चांगल्या पिंपांत एक बिघडलेलं ओतलं की वीसही गेली. इथे रोलबॅक नसतो.

पाचवं: पिंप रिकामं ठेवू नका. ठेवावंच लागलं तर वाइनवाले आत गंधक जाळून धूर कोंडतात. पण ज्यात नुकतीच दारू होती त्या पिंपात हे अजिबात नको. अल्कोहोलच्या वाफा पेट घेतात.

आणि शेवटचं, धैर्याचं: पिंप ओतून द्यायची तयारी ठेवा. वीसपैकी दोन जातील असं धरूनच खर्चाचं गणित मांडा. मित्राच्या एक्सेल शीटमध्ये हा रकाना नव्हता. आता आहे, आणि त्याच्या खाली चिलरचाही आहे. बेत त्याने सोडलेला नाही. वीसाऐवजी सहा पिंपांपासून सुरुवात करायचं म्हणतोय, आणि मला वाटतं सहा हा बरोबर आकडा आहे.

ग्लासात आंबट आलं तर?

आता तुमच्या प्रश्नाकडे. पहिली शंका तब्येतीची. बीअर आंबली म्हणून सहसा विषबाधा होत नाही. अल्कोहोल, कमी पीएच आणि हॉप्स यांत रोगजंतू वाढत नाहीत. एक अपवाद लक्षात ठेवा: काही लॅक्टिक जिवाणू हिस्टामिन, टायरामिन यांसारखे पदार्थ तयार करतात. एमएओ इनहिबिटर गटातली औषधं घेणाऱ्यांनी आणि ज्यांना अशा पदार्थांनी डोकेदुखी होते त्यांनी मुरवलेल्या आंबट बीअरपासून लांब राहिलेलं बरं. औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा, पॉडकास्टवाल्याला नाही.

खरा धोका बाटलीचा आहे. लिटरमागे साधारण ४ ग्रॅम साखर आंबली की बीअरमध्ये तिच्या आकारमानाइतका कार्बन डायऑक्साइड वाढतो. नेहमीच्या बाटलीत तो अडीच पट असतो. जड स्टाउटमध्ये उरलेली साखर भरपूर. ब्रेटने बाटलीत त्यातली १२ ग्रॅम जरी खाल्ली तरी दाब दुपटीच्या वर जातो आणि काच फुटते. त्यामुळे बूच फुगलेलं दिसलं, किंवा त्याच खोक्यातली एक बाटली उघडताना कारंजं उडालं, तर बाकीच्या लगेच फ्रीजमध्ये, चेहऱ्यापासून लांब.

चवीसाठी तीन प्रश्न पुरतात. लेबलवर सावर, वाइल्ड, ब्रेट, लॅम्बिक असलं काही लिहिलंय का? असेल तर आंबट अपेक्षितच. नसेल, तर आंबटपणा बाकीच्या चवीशी जुळतोय की चॉकलेट-कॉफीच्या वर लिंबू पिळल्यासारखा वेगळा तरंगतोय? आणि व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशचा वास येतोय का? तिसऱ्याचं उत्तर हो असेल तर बाटली परत करा. लाजू नका, भांडूही नका. बॅच नंबरचा फोटो काढून बनवणाऱ्याला पाठवा. चांगल्या ब्रूअरला ही तक्रार हवी असते, कारण त्याच पिंपातल्या आणखी शेकडो बाटल्या कुठेतरी उभ्या असतात.

पुढच्या भागात मधाच्या मद्याकडे, म्हणजे मीडकडे वळू. प्रश्न पाठवत राहा. आणि पिऊन गाडी चालवू नका, घाटात तर नाहीच नाही. भेटू!